काका, रॉक धुऊन-पुसून ऐका असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार काका,

घरच्या स्टिरिओवर चांगल्या वाजणाऱ्या रॉक रेकॉर्डिंगच्या माझ्या यादीवर तुम्ही फोंड्याहून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ही यादी शोरूममध्ये स्पीकर विकायला लावतात तसल्या गुळगुळीत संगीताची आहे, खरं रॉक खडबडीत असतं आणि मोठ्यानेच ऐकायचं असतं, सीडी आणि डिजिटलने त्याचा जीव घेतला, आणि गोंयकार असून मी आपल्या गायक रेमो फर्नांडिसला विसरलो.

गुळगुळीतपासून सुरुवात करतो. तुमचा रोख स्टीली डॅनच्या ‘एजा’वर (१९७७) आहे, हे उघड आहे. तो अल्बम अतिशय नेटका आहे, मान्य. पण शीर्षकगीतात स्टीव्ह गॅड शेवटाकडे ड्रम्सवर जे करतो, ते ऐकून त्याला शोरूमचं संगीत म्हणवत नाही. शिवाय त्याच यादीत लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१) आहे आणि तो मी मुद्दाम घेतला आहे, त्यातल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी.

हे गाणं इंग्लंडमध्ये हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात रेकॉर्ड झालं. झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम, त्याचे ड्रम्स हॉलमध्ये जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक वगैरे काही नाही. नंतर त्यावर एको चढवला, दणकून कॉम्प्रेशन दिलं, म्हणजे मोठा आवाज दाबून हलक्या-मोठ्यातलं अंतर कमी केलं. आपल्याकडे घुमट हे मातीचं तालवाद्य अंगणात वाजवला आणि देवळाच्या सभामंडपात वाजवला तर थाप तीच असूनही ऐकू येतं ते वेगळंच, तसं इथे ड्रमबरोबर ते घरही वाजतं. साध्या स्पीकरवर नुसता धप्प असा आवाज येतो. चांगल्या जोडीवर आधी ठोका, मग जिन्याने दिलेलं उत्तर आणि पुढचा ठोका पडेपर्यंतची मधली जागा, असं सगळं सुटं ऐकू येतं. याहून खडबडीत रेकॉर्डिंग मला सुचत नाही आणि याहून सुंदरही.

माझी यादी या मधल्या जागेवर उभी आहे. सर्वांत हलका सूर आणि सर्वांत जोरदार ठोका यांच्यात रेकॉर्डिंगने अंतर राखलं आहे का, एवढंच मी पाहतो. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) यादीत नाही तो याच कारणाने. गाणी दमदार आहेत, पण आवाज इतका वर ढकलला आहे की स्नेअर ड्रमचा ठोका गिटारच्या वर उठतच नाही, त्याचं टोक कापलेलं आहे. हीच गाणी ‘गिटार हिरो’ या खेळातही आली होती. श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा खेळातली बरीच मोकळी निघाली. मास्टरिंग, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्या टेड जेन्सनने तर मिक्स (एकत्र जुळवलेले सगळे ट्रॅक) आपल्याकडे आले तेव्हाच तसे दाबलेले होते, असं सांगितलं. म्हणजे वादकांनी वाजवलं ते शेवटच्या टप्प्यांवर चिरडलं गेलं. याचा मला खरोखर राग येतो. झेपेलिनमध्येही कॉम्प्रेशन आहे, पण ते ड्रम्सचा तो विशिष्ट आवाज घडवण्यासाठी आहे. इथे अख्खा अल्बम दाबला गेला.

मोठ्याने ऐकण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. आवाज कमी असला की आपल्या कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून हळू लावलेलं रॉक पातळ लागतं. मात्र व्हॉल्यूमचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात हवं. मोकळं रेकॉर्डिंग तुम्ही वाढवत गेलात की ते भरत जातं. दाबलेलं वाढवलं की दोन गाण्यांत कान थकतात.

आता एलपी. तुमच्या आवडीला मी हात लावणार नाही, जून-जुलैत कव्हरांवर चढणारी बुरशी पुसत बसण्याची तयारी असणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण एलपीवर आलं म्हणून ते अस्सल, हे मला पटत नाही. ‘लेड झेपेलिन टू’ची (१९६९) बॉब लडविगने केलेली पहिली कटिंग (टेपवरचा आवाज तबकडीच्या खाचेत कोरणं) इतकी जोरकस होती की स्वस्त प्लेयरवर सुई उडू लागली, म्हणून कंपनीने ती बदलून सौम्य कटिंग बाजारात आणली. गाणी तीच, टेप तीच, दोन्ही एलपीच, तरी आवाज वेगळा. उलट डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) मुळातच २४ ट्रॅकच्या (२४ आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या) डिजिटल मशीनवर रेकॉर्ड झाला. त्याची एलपी कापली तीही त्याच डिजिटल रेकॉर्डिंगवरून, आणि तबकडीच्या एका बाजूवर वेळ पुरेना म्हणून काही गाणी तिच्यावर छोटी केली. तिथे पूर्ण गाणं हवं तर सीडीच घ्यावी लागत होती. म्हणून मी प्रत्येक अल्बमपुढे साल लिहितो आणि कित्येकदा नव्या रिमास्टरऐवजी (नव्याने मास्टरिंग केलेल्या आवृत्तीऐवजी) जुनी सीडी शोधा असं सांगतो.

महागड्या यंत्रांचा मोह लावतो, असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. त्याआधी खोली बघा. चिऱ्याच्या जाड भिंती बेस बाहेर जाऊ देत नाहीत, परत खोलीत फेकतात. समोरासमोरच्या भिंतींत चार मीटर अंतर असेल तर साधारण ४३ हर्ट्झला आवाज फुगतो आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ च्या आसपास वाजते. मग एखादाच स्वर घुमत राहतो आणि आपण बिचाऱ्या स्पीकरला दोष देतो. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणा, बसायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका. यात एक पैसाही जात नाही. वर मंगळुरी कौलं असतील आणि खाली फॉल्स सीलिंग नसेल तर तुम्ही नशीबवान, बराचसा आवाज वरून निघून जातो.

राहिला रेमो. विसरलो नाही. ‘गोअन क्रेझी’ (१९८४) त्याने शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर जवळजवळ एकट्याने केला. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून जागा मोकळी करायची आणि दर वेळी थोडी खरखर वाढते, ही त्या मशीनची मर्यादाच. त्या अल्बमवर माझा जीव आहे, पण ही यादी आवाजाची होती. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं आणि मी लिहिणार आहे.

तोवर एक विनंती. झेपेलिनचा चौथा अल्बम तुमच्याकडे असणारच. त्याच्या मागे कुठलं साल छापलंय ते कळवा. १९९० नंतरचं रिमास्टर असेल, तर माझी जुनी सीडी घेऊन एखाद्या रविवारी फोंड्याला येतो. दोन्हींचा आवाज सारखा ठेवून लावू आणि ‘लेव्ही’ तुमच्याच स्पीकरवर ऐकू.