रडीचा डाव कुणाचा?

नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, हे कबूल करतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भारताच्या फुटबॉल संघाचे माजी कोच इगॉर स्टिमॅक पाच वर्षं रडीचा डाव खेळले, हरले की आयएसएलकडे, म्हणजे क्लबांच्या इंडियन सुपर लीगकडे, बोट दाखवलं आणि मी त्यांची वकिली केली. खेळाडूंना पगार क्लब देतात, मग फिफा विंडोच्या (राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडावेच लागतात त्या ठरलेल्या दिवसांच्या) बाहेर त्यांनी खेळाडू का सोडायचे? शिवाय नंतर आलेले कोच खालिद जमील बघा, हूं की चूं न करता काम करतात.

आधी गुवाहाटी. तिथं तुम्ही बरोबर आहात. २६ मार्च २०२४ चा सामना फिफा विंडोत होता, कुठल्या क्लबनं कुणाला अडवलं नव्हतं. सुनील छेत्रीचा दीडशेवा सामना, पहिला गोल त्याचाच. समोरच्या अफगाणिस्तानचे कित्येक खेळाडू आपल्याच महासंघाशी भांडून घरी बसलेले. तरी आपण १-२ हरलो. त्याचं खापर लीगवर फोडता येत नाही, आणि माझ्या लेखात हा सामना यायला हवा होता. तोंडावर ताबा ठेवणं स्टिमॅकना जमत नव्हतं, हेही मान्य.

पण हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांचं तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत, ते पटलं नाही. आशियाई क्रीडा स्पर्धा फिफाच्या कॅलेंडरमध्ये नाहीत, म्हणून खेळाडू न सोडण्याचा क्लबांना पूर्ण हक्क होता. नियमाच्या बाजूनं वाद संपला. मैदानावर काय झालं ते मात्र बघा. १९ सप्टेंबर २०२३ ला चीनशी सामना आणि आपला संघ आदल्या संध्याकाळी तिथं पोचला. कसाबसा जमवलेला संघ, एकत्र सराव जवळपास शून्य. मी तो सामना दुकानात गल्ल्यावर बसून फोनवर बघत होतो. गुरमीतनं पेनल्टी अडवली. मध्यंतराच्या तोंडावर राहुल केपीनं अगदी चिंचोळ्या कोनातून गोल मारला, १-१. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी ओरडतोय! मग दुसऱ्या हाफमध्ये पाय गेले. चार गोल खाल्ले, १-५. यात डावपेच वगैरे शोधू नका. पोरं दमली होती, बस. हाच संघ पुढं बांगलादेशला हरवून, म्यानमारशी बरोबरी करून बाद फेरीत गेला. तिथं सौदीकडून ०-२ हरला.

आता माझा मुद्दा, जो लेखात बहुतेक नीट मांडता आला नाही. आयएसएलचा मोसम सुरू झाला २१ सप्टेंबरला, म्हणजे चीनच्या सामन्यानंतर दोन दिवसांनी. करोनामुळे पुढं ढकललेल्या या स्पर्धेच्या नव्या तारखा जुलै २०२२ मध्येच जाहीर झाल्या होत्या. हातात वर्षाहून जास्त वेळ होता. लीगच्या वेळापत्रकाला मान्यता देणारा आपला फुटबॉल महासंघ आणि राष्ट्रीय कोच नेमणारा महासंघ एकच आहे. म्हणून कोच आणि क्लब यांचं भांडण बघताना मला नेहमी तिसऱ्या माणसाची आठवण येते, जो दोघांना लग्नाचा एकच मुहूर्त देऊन स्वतः पंगतीला बसलाय.

हा महासंघ लीगला नाही का म्हणत नाही? २०१० साली महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. महासंघाचा संसार बऱ्याच अंशी त्या पैशावर चालला. ज्याच्याकडून घरखर्च येतो, त्याला तारखा बदल म्हणून कोण सांगणार? स्टिमॅकनी जानेवारी २०२४ च्या एशियन कपआधी चार आठवडे मागितले, मिळाले जेमतेम दोन. लीग डिसेंबरच्या अखेरपर्यंत चालू होती. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया: तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. चार आठवडे मिळाले असते तर आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं असतं, असं मी म्हणत नाही. सीरियाशी एखादा गोल तरी झाला असता, एवढंच वाटतं.

गोलांवरून आठवलं. क्लब नऊ नंबरला, म्हणजे गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या जागी, परदेशी माणूस खेळवतात, ही स्टिमॅकची तक्रार तुम्हाला बहाणा वाटते. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल कुणाचे? छेत्रीचे, १४. वय ४०, आणि राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला. मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं. बोलावणारे स्टिमॅक नव्हते, त्यांच्या जागी आलेले मनोलो मार्केझ होते.

मनोलोंचं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. जुलै २०२४ मध्ये त्यांना भारताचा कोच नेमलं आणि त्याच वेळी एफसी गोवा या क्लबचं काम चालू ठेवायची मुभा दिली. म्हणजे भांडण मिटवायचा उपाय काय, तर दोन्ही पक्षकारांना एकच वकील! त्या मोसमात गोव्याचा संघ लीगमध्ये दुसरा आला, मे महिन्यात सुपर कपही जिंकला. भारत? मनोलोंच्या हाताखाली आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. माणूस तोच, डोकं तेच. एका संघाबरोबर रोज सकाळी मैदानावर, दुसऱ्याबरोबर वर्षातून मोजके दिवस.

खालिद तक्रार करत नाहीत, खरंय. ते मुंबईच्या मैदानांवर खेळलेले आहेत, आपल्याकडचं फुटबॉल कसं चालतं ते त्यांना स्टिमॅकपेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण ते बोलले नाहीत म्हणून गाठ सुटली का? पहिल्याच शिबिराला मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नाहीत, नियमावर बोट ठेवून. खालिद उरलेल्यांना घेऊन ताजिकिस्तानला गेले आणि काफा नेशन्स कपमध्ये (मध्य आशियाई महासंघाची स्पर्धा) तिसरा नंबर घेऊन आले. मीही तेव्हा टाळ्या वाजवल्या. पुढं १४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा, सिंगापूर. छांगतेनं सुंदर गोल मारला, तरी १-२ हरलो आणि २०२७ चा एशियन कप हुकला. त्या दिवशी आयएसएल सुरूच झालेली नव्हती. महासंघाचा तो १५ वर्षांचा करार संपत आला म्हणून लीग जुलैपासून अडकून पडली होती.

म्हणजे लीग चालू होती तेव्हा कोचला खेळाडू मिळेनात आणि लीग बंद पडली तेव्हा मिळालेल्या खेळाडूंना सामन्यांचा सराव नव्हता. यातलं स्टिमॅकचं रडगाणं कुठलं, ते मला दाखवा.

जाता जाता: मैदानावर पाच परदेशी खेळाडू चालतात, असं मी लेखात लिहिलं होतं. २०२१-२२ पासून चारच चालतात. ही चूक तुम्हीच दाखवलीत, दुरुस्त केली आहे. आभार.