विनोबांनीही गीताच सांगितली होती, मामा

आठवडाभर जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘युद्धाला विरोध ही शहरातल्या पोरांची नवी फॅशन. कायदा मोडतो तो भित्रा. असल्या आंदोलनांनी काही होत नाही. भगवंतानेही अर्जुनाला लढच म्हटलं.’ माझ्या मामांनीही तो पाठवला. मामा, राग मानू नका, पण हे पटण्यासारखं नाही.

आधी गीतेचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा एकेक अध्याय सांगत आणि साने गुरुजी लिहून घेत. पहिल्याच रविवारी विनोबा म्हणाले, अर्जुनाला हिंसेचा वीट आला नव्हता. समोर आपली माणसं दिसली म्हणून त्याचे हात गळाले. शेकडोंना फाशी देणारा न्यायाधीश पोटचा पोरगा आरोपी म्हणून उभा राहिल्यावर फाशीच वाईट म्हणू लागतो, तसं. मोहाने मागे सरणं वेगळं आणि विचाराने युद्ध नाकारणं वेगळं, हे ज्यांना इतकं स्पष्ट दिसत होतं, तेच विनोबा १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले, म्हणजे गांधीजींनी एकेकट्याने युद्धाविरुद्ध बोलायला निवडलेल्यांतले पहिले. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं उघड बोलले.

आणि भित्रा? सत्याग्रही अमुक दिवशी अमुक जागी बोलणार हे सरकारी अधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचा. विनोबांना चार दिवसांत धरलं. पळून जाणारा माणूस पोलिसांना आपला पत्ता देत नाही हो.

नवी फॅशनही नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष होते. साम्राज्यवादी युद्धासाठी हिंदुस्थानची माणसं आणि साधनं वापरायला विरोध करायचा, हे तिथे ठरलं.

‘काही होत नाही’ यात थोडं तथ्य आहे. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर लाखो लोक रस्त्यावर आले, तरी महिनाभराने इराकवर हल्ला झालाच. पण व्हिएतनाम युद्धाच्या वेळी बॉक्सर मुहम्मद अलीने १९६७ मध्ये सैन्यातली भरती नाकारली, जगज्जेतेपदाचा किताब गेला, तीन वर्षांवर रिंगणाबाहेर राहिला. कितीतरी पोरांनी भरतीची कार्डं जाळली. १९७३ मध्ये अमेरिकेतली सक्तीची भरती बंद झाली, त्यात या पोरांचा वाटा होता.

मामा, विनोबांची ती प्रवचनं तुमच्या देव्हाऱ्याशेजारीच आहेत. न्यायाधीशाची गोष्ट पहिल्याच अध्यायात सापडेल. ती वाचा, आणि मग तो मेसेज पुढे पाठवायचा का ते ठरवा.