विचार दिसतो, पण जरा उशिरा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले होते पण पहिल्या वाचनात मला नुसता रागच आला होता, म्हणून थांबले, परत दोनदा वाचलं आणि आज लिहितेय. मुद्दे तुम्ही पक्के मांडलेत, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की मनात विचार चालू असतानाच त्याच्यात वाहून न जाता त्याच्याकडे बघता येतं. काकांचं म्हणणं असं, की डोळ्याला डोळा दिसत नाही तसं मनाला मन दिसत नाही, बघणारा वेगळा मानला तर मग त्याला कोण बघतं, आणि त्याला कोण, हे कुठे थांबणार? शिवाय माणसाला स्वतःच्या मनातलं काही कळत नाही हे प्रयोगांनी सिद्ध झालंय, आणि हे सगळं माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष ठेवायच्या सरावाचं, बाहेरून आलेलं फॅड आहे.

डोळ्याचा मुद्दा मला मान्य आहे. अगदी पूर्ण मान्य. पतंजलींच्या योगसूत्रांत चौथ्या पादात सरळ म्हटलंय, 'एकसमये चोभयानवधारणम्', म्हणजे एकाच वेळी चित्त विषयही जाणेल आणि स्वतःलाही जाणेल असं होत नाही. फ्रान्सच्या ऑगस्त कॉम्त या तत्त्वज्ञानेही 19व्या शतकात हाच आक्षेप घेतला होता की विचार करणारा माणूस स्वतःचे दोन तुकडे करून एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने बघायचं असं करू शकत नाही. त्याला जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1865 मध्ये उत्तर दिलं, की त्याच क्षणी नसेल बघता येत, पण लगेच पुढच्या क्षणी आठवणीतून तर बघता येतं ना! आणि आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, तर हे मिलच्या कितीतरी आधी सांगून बसलेत. आधी 'हा घडा आहे' हे ज्ञान होतं, आणि मग त्याच्या पाठोपाठ 'मला घड्याचं ज्ञान झालं' हे दुसरं ज्ञान, त्याला ते अनुव्यवसाय म्हणतात. दोन ज्ञानं, दोन क्षण. डोळ्याने डोळ्याला बघायची वेळच येत नाही.

आता हे पुस्तकातलं झालं, मी माझ्या ओट्यावरचं सांगते. सकाळी मला बारा-चौदा पोळ्या लागतात, साडेसातला डबे निघतात. मागच्या मंगळवारी दुसरी पोळी तव्यावर टाकली आणि नणंदेचं आदल्या रात्रीचं फोनवरचं वाक्य आठवलं, सासूबाईंच्या गोळ्यांवरून, 'तुम्ही तिथे आहात ना, मग लक्ष नको द्यायला?' झालं. मी मनातल्या मनात त्यांना उत्तर द्यायला लागले, फोनवर सुचलं नव्हतं ते सगळं आता सुचत होतं, त्या गप्प, हे माझ्या बाजूने, आणि मी बोलतेच आहे बोलतेच आहे, आणि मग करपल्याचा वास आला. बघते तर पाचवी पोळी तव्यावर. मधल्या दोन कोणी केल्या? हातांनी केल्या, तेल-पीठ लावून घड्या घातल्या, लाटल्या, शेकल्या, डब्यात व्यवस्थित पडलेल्या होत्या.

पण काका, तो वास आला त्या क्षणाला मला काय काय हाती लागलं ते बघा. 'ताई, तुमचं काय जातंय तिथून बोलायला' हे शेवटचं वाक्य अजून तसंच लोंबकळत होतं, शब्दांसकट, माझ्या आवाजाच्या चढासकट. दातावर दात दाबलेले होते. लाटणं इतकं घट्ट धरलेलं की अंगठा दुखत होता. हे सगळं मी घडताना बघितलं नाही, घडून गेल्यावर पाहिलं, पण ते खोटं नव्हतं. आमच्या आजोबांकडे बडोद्याच्या दांडिया बाजारात टोल्यांचं घड्याळ होतं, वाचत बसलेलं असताना चौथ्या टोल्याला कान जायचा आणि तरी आधीचे तीन मोजता यायचे, कारण ते अजून कानात असायचे. विचारांचं मला तसंच वाटतं. लक्ष उशिरा जातं, पण गेलेल्याचा मागचा भाग अजून तिथे असतो. आणि हो, सरावाने हा उशीर कमी होतो हे मी स्वतःच्या बाबतीत नक्की सांगू शकते, पूर्वी डबे निघून गेले तरी माझं भांडण चालू असायचं.

बघणाऱ्याला कोण बघतं, तर त्या क्षणी कोणीच नाही. गरजही नव्हती. आत्ता लिहिताना 'तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं' हे आठवतंय, म्हणजे त्या बघण्याला आता हे तिसरं ज्ञान बघतंय. साखळी तुम्ही ओढाल तेवढी लांब होते, ओढायची सोडली की थांबते. पोळी उलटायला ती अनंत असायची गरज नाही.

प्रयोगांचं मात्र तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. तुम्ही ज्याचा उल्लेख केलात तो रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा 1977 चा लेख, त्यातला मोज्यांचा प्रयोग. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले होते, चारही अगदी सारखे, आणि लोकांना विचारलं यातला चांगला कुठला. डावीकडून उजवीकडे 12, 17, 31 आणि 40 टक्के लोकांनी निवडले, म्हणजे सगळ्यात उजवीकडचा जिंकला. पण कारण विचारल्यावर जागेचं नाव कोणीच काढलं नाही, आणि जागेमुळे तर नाही ना असं विचारलं तर जवळजवळ सगळे नाही म्हणाले. मी मंगळबाजारात चादरी घेते तेव्हा माझंही असंच होत असणार, आणि घरी येऊन मी पोताचं कौतुक सांगत असणार.

पण यातून 'काही कळत नाही' हे कुठे निघतं? लोकांची चूक झाली ती 'का' मध्ये. 'मला हा आवडला' हे तर त्यांना कळलंच होतं, त्याच्यावरच तर प्रयोग उभा आहे. मंगळवारी मला राग दिसला, वाक्य दिसलं, दाबलेले दात कळले. पण तो राग इतका का आला? गोळ्यांवरून, असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आदल्या रात्री मी जेमतेम चार तास झोपले होते, त्याचाही हात असेल. हे ओट्यापाशी उभं राहून आत बघून कळणार नाही, कितीही बघितलं तरी. इथे मी मागच्या वेळी जास्त बोलून गेले होते. 'बघत राहिलात की विचारांचं मूळ सापडतं' असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं.

फॅडबद्दल पण मी ऐकणार नाही हं. तेही बडोद्यात बसून! 1907 च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, त्यानंतर अरविंद घोष इथे आले, 1893 ते 1906 त्यांनी इथेच नोकरी केली होती. इथे सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत ते विष्णु भास्कर लेले या आपल्या मराठी योग्याबरोबर तीन दिवस बसले. लेल्यांनी काय सांगितलं ते पुढे अरविंदांनीच सांगितलंय, की विचार करू नकोस, फक्त मनाकडे बघ, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधीच त्यांना परतव. आणि त्यांना ते तसे दिसले.

आता हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं, मला कळतंय. मी म्हणतेय विचार गेल्यावर दिसतो आणि ते म्हणतात येतानाच दिसला. मला तो अनुभव कधी आलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर मी काही बोलत नाही. पण बघायला बसायची ही गोष्ट आपल्या गावात, मराठी माणसाच्या तोंडून, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सांगितली गेलीय, तिला बाहेरचं फॅड कसं म्हणता?

मूळ लेखातली दोन वाक्यं मी आज बदलली आहेत. 'विचार चालू असतानाच त्याच्याकडे बघता येतं' च्या जागी 'विचार नुकताच होऊन गेलेला असताना' असं केलंय, आणि मुळाबद्दलचं वाक्य काढून टाकलंय. बाकीचं तसंच ठेवलंय, त्यावर अजून भांडायचं असेल तर जरूर लिहा.