लो केलेल्या गाडीचं अलाइनमेंट: दोन स्टारच्या तक्रारीला आमचं उत्तर

राम राम भाऊ,

तुमची तक्रार अशी, की स्प्रिंग बदलून गाडी 40 मिमी खाली घेतली, त्याच आठवड्यात आमच्याकडे अलाइनमेंट केलं, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) मशीनच्या स्क्रीनवर लालच, म्हणजे मर्यादेबाहेर, राहिला आणि "हा होत नाही" म्हणत आम्ही पैसे घेतले. 5,000 किमीत पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड तारेपर्यंत गेली. मग तुम्ही घरी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून, तिच्यापासून रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजून टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) काढला, गाडी सरळ धावते, म्हणजे मशीन नुसतं दाखवायला. टायरची जोडी अशी गेली तर कुणालाही झोंबेल. पण ती कशाने गेली हे कळलं नाही तर नवी जोडीही त्याच वाटेने जाईल, म्हणून नीट लिहितो.

तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे आणि कंपनीने त्यात कॅम्बरला अ‍ॅडजस्टमेंट ठेवलेली नाही. टाय रॉडवर (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) फक्त टो फिरतो. गाडी खाली बसली की चाकाचा माथा आत झुकतो. तुमच्या रिपोर्टवर डावं −2°10' आणि उजवं −1°35' आहे. हे कमी करायला स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी एका जागी कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाकाचा झुकाव बदलतो असा बोल्ट) घालावा लागतो. तो तेव्हाही सुचवला होता. काही ठिकाणी स्ट्रटचं भोक घासून लांबट करून देतात. ते आम्ही करत नाही आणि तुम्हीही कुणाकडून करून घेऊ नका, खड्ड्यात चाक आपटलं की जोड सरकतो.

पण 5,000 किमीत तार दिसायला एकटा कॅम्बर पुरत नाही, त्यामागे टो असतो. जुन्या टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, नुसता आतल्या बाजूला उतार असेल तर कॅम्बर. 15 इंची रिमवर एका चाकाचा टो 2 मिमी उघडा (चाक पुढून बाहेर वळलेलं) असेल तर तो सुमारे 0.3° होतो, आणि तेवढ्यात टायर दर किलोमीटरला साधारण 5 मीटर आडवा घासला जातो. वर कॅम्बरने सगळा भार आतल्या कडेवर आणलेला.

आम्ही टो शून्यावर आणून दिला होता, तो रिपोर्टवर आहे. मग उघडला कसा? नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये अजून थोड्या बसतात. टाय रॉड आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) वेगवेगळ्या वर्तुळात फिरतात, त्यामुळे उंची बदलली की टो हलतो, तुमच्या गाडीत बाहेरच्या बाजूला. म्हणूनच बिलावर "500 किमीनंतर पुन्हा दाखवा" लिहिलं होतं. अजून एक गोष्ट स्प्रिंग बसवणाऱ्याला विचारा: लोअर आर्मच्या बुशचे (रबरी जोडाचे) बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले का? तसं केलं तर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची नीट बसत नाही आणि बुश लवकर फाटतो. ते बोल्ट ढिले करून, चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळायचे.

दोरीची पद्धत खरी आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण "सरळ धावते" हा पुरावा नाही. दोन्ही चाकं सारखीच उघडी असली तरी गाडी सरळच जाते आणि टायर खात राहते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक किंवा टायर बघायचा. रस्त्याचा उतार पाण्यासाठी डावीकडे ठेवलेला असतो, तेवढी किंचित ओढ धरायची नाही.

घरी करताना पहिली अडचण जमिनीची. आपल्याकडे काळ्या मातीवर टाकलेली शहाबादी फरशी पावसाळा-उन्हाळ्यात वरखाली होते, डोळ्याला कळतही नाही. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही चाकांखालची पातळी बघा. डाव्या-उजव्या चाकांत 5 मिमीचा फरक असला की कॅम्बर सुमारे 0.2° चुकतो. मग हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मे महिन्यात जळगावच्या दुपारी भरलेली हवा पहाटे कमीच निघणार. दोन्ही दोऱ्या मागच्या चाकांच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, पुढेही तशाच. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो, म्हणून पुढचं अंतर मागच्यापेक्षा वेगळं येईल, ते ओढूनताणून सारखं करू नका.

कॅम्बर मोजायला ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ओळंब्याचं अंतर घ्या. 15 इंची रिमवर 6.6 मिमीचा फरक म्हणजे 1°. आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. टाय रॉड फिरवण्याआधी रबर बूटची क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळून फाटतो आणि स्टिअरिंगच्या रॅकमध्ये धूळ जाते. पाव फेऱ्याला रिमवर साधारण 1 मिमी फरक पडतो. स्टिअरिंग मधे ठेवायचं तर दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. दर वेळी गाडी तीन-चार मीटर पुढे-मागे ढकलून मगच मोजा, जॅकवरून उतरवल्यावर चाकं लगेच जागेवर येत नाहीत. रस्त्यावर चालवायच्या गाडीला दोन्ही चाकं मिळून शून्य ते 1 मिमी आत, एवढाच टो ठेवा. मागच्या बीमला (मागची दोन चाकं जोडणारा आडवा भाग) अ‍ॅडजस्टमेंट नाही. मागे वाकडं दिसलं तर शिम (मधे घालायची पातळ चकती) लागते.

तुम्ही काढलेला टो मशीनवर पडताळून देतो, तपासणीचे पैसे घेणार नाही. एखाद्या सकाळी या, नेहमीचं सामान गाडीत राहू द्या, आणि भंगारात दिले नसतील तर जुने टायर सोबत आणा. कॅम्बर बोल्ट बाहेरून घेणार असाल तर आधी स्ट्रटवरच्या बोल्टचा व्यास मोजा. 12 आणि 14 मिमीचे वेगळे येतात, आणि पाकिटावर छापलेला टॉर्कच लावायचा असतो, म्हणून पाकीट टाकू नका.