शाळेचा गुगल फॉर्म भरण्याआधी आणि बनवण्याआधी

जून उजाडला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म येतो. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, रक्तगट, आईवडिलांचे मोबाईल, बँक खातं, वर आधार कार्डाचा फोटो. 'आज संध्याकाळपर्यंत भरा, वरून मागणी आहे.' पालक निमूटपणे भरतात, शिक्षक निमूटपणे पुढे पाठवतात. त्या माहितीचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. सायबर सुरक्षेचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांसमोर हॅकर येतो. शाळेच्या बाबतीत चर्चा या फॉर्मपासून सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी फॉर्मच नीट बघू. गुगल फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये 'प्रेझेंटेशन'खाली 'व्ह्यू रिझल्ट्स समरी' असा एक पर्याय असतो. तो चालू राहिला, तर फॉर्म भरून झाल्यावर पालकाला 'सी प्रीव्हियस रिस्पॉन्सेस' अशी लिंक दिसते आणि तिच्यातून बाकीच्यांनी लिहिलेले मोबाईल आणि आधार क्रमांकही उघडतात. दुसरी गळती उत्तरं जमा होतात त्या शीटमधून होते. मुख्याध्यापकांना पाठवायची म्हणून शीट 'एनीवन विथ द लिंक' करून टाकतात. मग ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला पूर्ण वर्गाची यादी मिळते, आणि 'एडिटर' दिलेलं असेल तर बदलताही येते. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' ठेवायचं आणि ज्यांना गरज आहे त्यांचेच ईमेल घालायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फॉर्म शिक्षकांच्या वैयक्तिक जीमेलवरून बनलेला असतो, म्हणून अपलोड केलेले आधारचे फोटो त्यांच्याच ड्राइव्हमध्ये जमा होतात. बदली होते, निवृत्ती होते, फोन घरातल्या दुसऱ्या कोणाकडे जातो, फोटो तिथेच असतात. यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. शाळेचं स्वतंत्र खातं, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) आणि काम झाल्यावर ते फोल्डर कोण व कधी पुसणार याचा लेखी नियम, ही व्यवस्था संस्थेने आणि शिक्षण विभागाने द्यायची असते.

सरकारी यंत्रणेतही हेच घडलेलं आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने कोविडकाळात सरकारांनी सुचवलेली ऑनलाइन शिक्षणाची साधनं तपासली आणि मे २०२२ मध्ये अहवाल दिला. ४९ देशांतली १६० हून अधिक साधनं होती. त्यांतल्या सुमारे ८९ टक्के साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारी किंवा त्यांचा भंग करणारी निघाली. आपल्या केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं 'दीक्षा' ॲप त्यात होतं. मुलाचं नेमकं ठिकाण टिपण्याची सोय त्या ॲपमध्ये होती आणि फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक गुगलकडे जात होता, असं त्यांना आढळलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली, की दीक्षाचा एक क्लाउड सर्व्हर वर्षभराहून अधिक काळ विनासंरक्षण उघडा होता. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल त्यात होते आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांचीही माहिती होती. कोणी कुलूप तोडलं नव्हतं. दारच उघडं होतं.

शाळांना विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पॉवरस्कूल या अमेरिकी कंपनीचं प्रकरण प्रत्येक संस्थाचालकाने समजून घ्यावं. डिसेंबर २०२४ मध्ये चोरीच्या एका लॉगिनने त्यांच्या ग्राहकसेवेच्या पोर्टलवर प्रवेश झाला. त्या पोर्टलला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. तिथून अनेक शाळांचे डेटाबेस गेले. कंपनीने खंडणी दिली, चोरांनी माहिती पुसल्याचा व्हिडिओ दाखवला, आणि मे २०२५ मध्ये त्याच माहितीवरून शाळांना पुन्हा धमक्या आल्या. मला सगळ्यात गंभीर वाटतं ते याच चोरीतलं कॅनडातल्या टोरोंटोचं. तिथल्या शाळा मंडळाच्या गेलेल्या माहितीत १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलांची माहिती चालू यंत्रणेत का ठेवावी लागते? दाखल्यापुरती नोंद ठेवणं वेगळं. पत्ते, फोन, आजारांच्या नोंदी जपून ठेवणं म्हणजे चोरासाठी साठा करणं आहे.

'आमच्या मुलाची माहिती घेऊन कोण काय करणार' असं म्हणणाऱ्यांनी फसवणुकीचा फोन कसा येतो ते पाहावं. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, शाळा बिनचूक सांगणाऱ्यावर आईवडिलांचा विश्वास लगेच बसतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली, फाइल पाठवतो, ती उघडा. फाइलच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. लग्नपत्रिका आणि आरटीओ चलनाच्या नावाने फिरणाऱ्या फाइली याच जातीच्या. ॲप बसलं की ते एसएमएस वाचण्याची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची, म्हणजे स्क्रीन वाचून फोन परस्पर चालवण्याची, परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. यावर उपाय फोनमध्येच आहे: सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर बंद ठेवायचे. फोनच्या कंपनीप्रमाणे वाट थोडी बदलते, पण सेटिंग्जमध्ये 'अननोन' शोधलं तरी सापडतं.

चुकून ॲप बसलंच तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा. 'आधी ॲप काढतो, मग बघू' यात वेळ जातो आणि पैसे दोन-तीन खात्यांतून पुढे निघून जातात. नंतर *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेत का ते तपासा. वळवले असतील तर ##००२# ने रद्द होतात. ॲप निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून काढावं, तरीही शंका राहिली तर फॅक्टरी रीसेट.

आता आधारचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं स्पष्ट केलं आहे. तरी आपल्याकडे आधार पडताळलेल्या विद्यार्थिसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं ठरत असल्याने शाळांवर दबाव असतो, आणि तो खरा आहे. पण शासनाच्या पोर्टलवर क्रमांक भरायला कार्डाचा फोटो ग्रुपवर मागवावा लागत नाही. कार्ड समोर बघून क्रमांक भरता येतो. ग्रुपवर टाकलेला फोटो मात्र प्रत्येक सदस्याच्या गॅलरीत आणि तिथून त्याच्या बॅकअपमध्ये जातो. नुसती ओळख दाखवायची असेल तर 'मायआधार' संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळखक्रमांक, यासाठी पालकांची संमती घेतली जाते, ते ऐच्छिक आहे आणि संमती मागे घेता येते. 'सगळ्यांनी सही करून पाठवा' या निरोपात यातलं काहीच येत नाही. त्याला मी संमती मानत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवायला बंदी आहे. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. शाळांना शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यापुरती सूट आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर थांबायचं कारण नाही. पालकसभेत तीन प्रश्न लेखी द्या आणि उत्तरही लेखीच मागा: ही माहिती कोणत्या कामासाठी हवी आहे, ती शाळेबाहेर कोणाकोणाला मिळणार, आणि कोणत्या तारखेला पुसणार. फी भरायचं किंवा हजेरीचं ॲप बाहेरच्या कंपनीचं असेल तर त्या कंपनीबद्दलही हेच विचारा, कारण करार शाळेने केलेला असतो आणि त्याची प्रत शाळेकडेच असते.