खुलासा : ‘हार्मोन अधिक इम्युनोथेरपी’ म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरवर रामबाण नव्हे

‘हार्मोनच्या गोळ्यांसोबत इम्युनोथेरपी घेतली की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मुळासकट जातो’ असा मेसेज फिरतोय. (इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार.) पुरावा म्हणून पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं, आजाराचा अंदाज देणारं प्रथिन) घसरल्याचा रिपोर्ट जोडलाय. अहो, पीएसए तर बहुतेकांचा नुसत्या हार्मोन उपचारानेही झपाट्याने खाली येतो!

कल्पना अगदीच बिनबुडाची नाही. हार्मोन उपचाराने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडलं की गाठीत टी-पेशींची, म्हणजे कॅन्सरशी लढू शकणाऱ्या प्रतिकार-पेशींची, वर्दळ वाढते, म्हणून ही जोडी आजमावली गेली. पण एन्झाल्युटामाइड या हार्मोन उपचाराच्या गोळीसोबत ॲटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देऊन ७५९ रुग्णांवर चाचणी झाली, त्यात आयुष्य वाढलं नाही. एन्झाल्युटामाइड आणि पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचंच दुसरं इंजेक्शन) या जोडीच्या दोन मोठ्या चाचण्या २०२३ मध्ये अर्ध्यावरच थांबवल्या. फायदा दिसेना आणि गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले.

अपवाद आहे, तो मेसेजमध्ये नाही. डीएनए दुरुस्तीतला विशिष्ट बिघाड, म्हणजे ‘एमएसआय-हाय’, असलेल्या गाठींसाठी पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्येच मंजुरी मिळाली. प्रोस्टेटच्या रुग्णांत असे थोडेच निघतात. तेव्हा डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल नव्हे, आधी गाठीच्या ‘एमएसआय’ तपासणीबद्दल विचारा. आणि मेसेज वाचून चालू उपचार परस्पर बदलू नका.