गुरगुरणं थांबलं म्हणजे कुत्रा सुधारला असं नाही

सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. पार्किंगमध्ये एक ट्रेनर जर्मन शेफर्डला आडवा पाडतो, त्याची मान दाबून धरतो आणि धडपड थांबेपर्यंत सोडत नाही. मग कुत्रा उठतो आणि मुकाट बाजूला बसतो. खाली टाळ्यांचे इमोजी, "मस्त वठणीवर आणला", "यांचा नंबर द्या ना".

तोच व्हिडिओ आवाज बंद करून परत बघा, आणि फक्त कुत्र्याकडे बघा. कान मागे चिकटलेत. डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. समोर खायला काही नसताना जीभ सारखी नाकावरून फिरतेय. शेपूट पोटाखाली गेलीय आणि पुढचा एक पाय अर्धवट उचललेला आहे. झोप आलेली नसताना तो मोठी जांभई देतो. कुत्र्यांसोबत राहणाऱ्या कुणालाही विचारा, ही सगळी भेदरल्याची लक्षणं आहेत. त्या कुत्र्याला अक्कल आलेली नाही, त्याने हाय खाल्लीय.

लोक म्हणतात, कसं का असेना, गुरगुरायचा थांबला ना? मला भीती वाटते ती नेमकी त्याचीच. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो सांगत असतो की मला हे झेपत नाहीये, लांब व्हा. दर वेळी गुरगुरल्यावर त्याला फटका बसला तर तो गुरगुरणं सोडतो. पण ज्या गोष्टीमुळे गुरगुरत होता, ती त्याला अजूनही तितकीच नकोशी असते. मग एक दिवस पाहुण्यांचं लहान मूल त्याच्या ताटलीपाशी जातं आणि तो थेट चावतो. "काही कारण नसताना चावला हो, इतका शांत होता!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याची इशारा द्यायची सोय आपणच काढून घेतलेली असते.

ही माझी एकटीची समजूत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना, घरी काय काय करून पाहिलं, असं विचारण्यात आलं. 2009 साली तो अभ्यास छापून आला. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. व्हिडिओतल्यासारखं उलटं पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं, आणि नुसतं डोळे वटारून बघणाऱ्यांत 30. ही मुळातच अडचणीतली कुत्री होती हे खरं. पण "कडक ट्रेनर"ला आपण बोलावतो तेही अशाच कुत्र्यांसाठी.

त्याच विद्यापीठातला 1967 चा एक प्रयोग वाचवत नाही, तरी सांगते. सेलिगमन आणि मायर या शास्त्रज्ञांनी काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले, की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबणार नाहीत. नंतर त्याच कुत्र्यांना अशा खोक्यात सोडलं, जिथे मधल्या अडथळ्यावरून पलीकडे उडी मारली की सुटका होती. त्यातल्या बहुतेकांनी उडी मारलीच नाही. ती पडून राहिली आणि झटके सोसत राहिली. लांबून बघणाऱ्याला असा कुत्रा फार गुणी वाटेल.

आता "अल्फा"बद्दल. कुत्रा लांडग्याचा वंशज, कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही व्हा, नाहीतर कुत्रा होईल, असं प्रत्येक दुसरा ट्रेनर सांगतो. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून पसरली, आणि तो अभ्यास प्राणिसंग्रहालयात कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा होता. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात ती उचलून धरली. पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला त्यांनी वर्षानुवर्षं मोकळे लांडगे पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईवडील आणि त्यांची पिल्लं. तिथे कुणी मारामारी करून अल्फा झालेला नसतो. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाकडे लावून धरली. ज्या माणसाने ही कल्पना घरोघरी पोचवली, त्यानेच ती मागे घेतली. आपल्याकडे मात्र तिच्या जोरावर अजून महिन्याची फी घेतली जाते.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला पटतं. "आम्ही कुत्र्याला कधी काही बोलत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांतली कुत्री लिफ्टमध्ये आजींच्या अंगावर उड्या मारतात आणि मालक "काही करत नाही हो तो" म्हणत हसत उभे राहतात. याला प्रेमाने शिकवणं म्हणत नाहीत, हे न शिकवणं झालं. मर्यादा हवीच. पट्टा हवा, दार बंद हवं, उडी मारली की पाठ फिरवायला हवी आणि चारही पाय जमिनीवर आले की लगेच शाबासकी हवी. यात मेहनत जास्त लागते, आणि ती मालकालाच करावी लागते. म्हणून तर चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काटेरी पट्टे खपतात.

"मोठ्या, तापट कुत्र्यांवर हे चालत नाही" हेही ऐकून घेते आणि म्हणते, स्फोटकं शोधणारा कुत्रा बघा. वास घ्यायची जबरदस्ती कुणावरही करता येत नाही. बरोबर वास सापडला की आवडता चेंडू मिळतो, म्हणून तो जीव तोडून हुंगतो. जिथे माणसांचे जीव टांगणीला असतात, तिथलं काम बक्षिसावर चालतं.

ताटलीपाशी गुरगुरणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. ताटली हिसकावून घेऊ नका. तो खात असताना, जिथे त्याचं अंग ताठ होत नाही इतक्या लांबून जा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकून पुढे चालू लागा. थांबू नका, वाकू नका, डोक्यावरून हात फिरवू नका. काही दिवसांनी तुमची चाहूल लागली की तो ताटलीवर आणखी वाकण्याऐवजी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागेल. मगच एक पाऊल जवळ या. मान खाली घालून तो भराभर गिळायला लागला तर पुन्हा मागे जा. घरात लहान मुलं असतील तर हे फक्त मोठ्यांनी करायचं, आणि कुत्रा खात असताना मुलं दुसऱ्या खोलीत. याआधी तो चावलेला असेल तर हे स्वतः करू नका, वागणुकीची जाण असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

वेल्सने 2010 मध्ये शॉक कॉलरवर, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यावर, बंदी घातली. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला मारणं, लाथाडणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. त्या भरवशावर बसू नका.

ट्रेनर ठरवण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारा. कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? आणि शिकवताना मी समोर उभी राहिले तर चालेल ना? "घरचे समोर असले की ऐकत नाही, तुम्ही आत बसा" असं उत्तर आलं, तर फी आगाऊ भरलेली असली तरी पट्टा त्यांच्या हातात देऊ नका.